विजेतीचा जमाखर्च

राष्ट्र संकटात सापडले म्हणजे ते देवाचा धावा करते, राज्यकर्त्यांना दूषणे देते आणि एखाद्या वीराच्या वाटेकडे डोळे लावून बसते. तो वीर रणांगणावर सापडेल, विधिमंडळात सापडेल की खेळाच्या मैदानावर, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. दक्षिण कोरियाला १९९८ साली जो वीर लाभला तो गोल्फच्या हिरवळीवर लाभला, आणि ती वीस वर्षांची एक मुलगी होती. तिचे नाव सेरी पाक. त्या घटनेला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. सेरीने २०१६ साली स्पर्धात्मक खेळाचा निरोप घेतला, त्यालाही बरीच वर्षे झाली. टाळ्यांचा कडकडाट विरला की माणसाच्या कर्तृत्वाचा हिशेब शांतपणे मांडता येतो. हा हिशेब मांडावा असे आम्हांस वाटते ते एवढ्यासाठी की, त्यात जमेची बाजू जितकी मोठी आहे तितकीच खर्चाची बाजूही मोठी आहे. खेळाडूंचे पोवाडे गाताना खर्चाची बाजू उलटून पाहण्याची रीत आपल्याकडे फारशी नाही.

गोल्फ हा आमच्या बहुसंख्य वाचकांच्या जिव्हाळ्याचा खेळ नव्हे, याची आम्हांस जाणीव आहे. गोमंतकातील पोरे कापणी झालेल्या शेतात फुटबॉलमागे धावतात, क्रिकेटचे वेड तर घरोघरी आहे. गोल्फ म्हटले की धनिकांचा विरंगुळा, आणि मैदानासाठी जाणारी जमीन व मुरणारे पाणी, एवढेच आपल्या मनात येते. तो समज सर्वस्वी निराधार आहे असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु खेळ म्हणून पाहिल्यास त्याच्याइतका एकाकी खेळ दुसरा नसेल. अंगावर धावून येणारा प्रतिस्पर्धी नाही, पास देणारा सवंगडी नाही. चेंडू जमिनीवर स्थिर पडलेला असतो आणि तो मारण्यापूर्वी विचार करावयास, म्हणजेच घाबरावयास, भरपूर वेळ मिळतो. अठरा होलांची एक फेरी, अशा बहुधा चार फेऱ्या चार दिवसांत. प्रत्येक होलसाठी निष्णात खेळाडूस किती फटके पुरावेत हे ठरलेले असते, त्यास पार म्हणतात. त्याहून एक फटका कमी लागला तर बर्डी, एक अधिक लागला तर बोगी. चार दिवसांच्या शेवटी ज्याचे फटके सर्वांत कमी तो जिंकला. नियम एवढेच, बाकी सारी मनाची परीक्षा.

सेरीची कथा समजावयाची तर त्या वर्षीचा कोरिया समजून घेतला पाहिजे. १९९७ सालच्या अखेरीस आशियाई अर्थसंकटाच्या वावटळीत त्या देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली. नोव्हेंबरमध्ये सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारी जावे लागले आणि डिसेंबरच्या आरंभी पंचावन्न अब्ज डॉलरांहून अधिक रकमेच्या साहाय्याचा करार झाला. कर्जाबरोबर अटी आल्या. अभेद्य वाटणारे उद्योगसमूह कोसळले, बँका बंद पडल्या आणि आयुष्यभराची नोकरी हा ज्यांना हक्क वाटत होता ते मध्यमवयीन पुरुष एका सकाळी बेकार झाले. युद्धाच्या राखेतून एका पिढीत वर आलेल्या या स्वाभिमानी लोकांना ती केवळ आर्थिक आपत्ती वाटली नाही. तो राष्ट्राचा अपमान वाटला. १९९८ च्या पहिल्या महिन्यांत देशाचे ऋण फेडण्यासाठी लोकांनी घरातले सोने आणून दिले. सुमारे पस्तीस लाख नागरिकांनी मिळून दोनशे टनांहून अधिक सोने जमा केले. त्यात लग्नाच्या अंगठ्या होत्या, बाळांना पहिल्या वाढदिवशी मिळालेली वळी होती, खेळाडूंनी आयुष्यात कमावलेली सुवर्णपदके होती. बाईच्या अंगावरचे सोने केव्हा उतरते हे मराठी घरांना समजावून सांगावयास नको. ज्या देशातील स्त्रियांनी देशासाठी अंगठ्या उतरविल्या, त्या देशाची मनःस्थिती काय असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

याच वर्षी सेरी अमेरिकेतील महिला व्यावसायिकांच्या दौऱ्यात, म्हणजे एलपीजीएच्या स्पर्धांत, नवखी म्हणून दाखल झाली. तिचा जन्म २८ सप्टेंबर १९७७ चा, देजॉन शहरचा. शाळेत ती धावण्याच्या शर्यतींत चमकत होती. गोल्फची काठी तिच्या हाती दिली ती वडिलांनी. ते स्वतः हौशी गोल्फपटू होते आणि मुलीचे शिक्षकही तेच झाले. त्यांच्या शिस्तीच्या कथा पुढे जगभर पसरल्या. पंधरा मजल्यांच्या इमारतीचे जिने ते मुलीकडून उलटसुलट चढउतार करवून घेत. मन कणखर व्हावे म्हणून त्यांनी तिला रात्री कबरस्तानाच्या परिसरात नेल्याची आख्यायिकाही वृत्तपत्रांनी मोठ्या चवीने छापली. आख्यायिकेत तथ्य किती हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवतो. इतके मात्र खरे की, ज्या वयात मुली मैत्रिणींबरोबर हिंडतात त्या वयात या मुलीचा दिवस चेंडूंच्या ढिगाऱ्यापाशी सुरू होई आणि तेथेच संपे. १९९२ साली, शाळकरी वयात आणि अजून हौशी खेळाडू असतानाच, तिने कोरियातील व्यावसायिक स्त्रियांची एक स्पर्धा जिंकली. १९९६ साली ती स्वतः व्यावसायिक झाली. सॅमसंग या उद्योगसमूहाने तिचा भार उचलला आणि फ्लोरिडात डेव्हिड लेडबेटर या नामवंत शिक्षकाकडे तिला पाठविले. भाषा येत नाही, जेवण रुचत नाही, बरोबरीचे कोणी नाही, अशा स्थितीत ती परक्या देशात राहिली. त्या मोसमात एलपीजीएच्या दौऱ्यातील ती एकटीच कोरियन होती.

मे १९९८ मध्ये डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे एलपीजीए अजिंक्यपद स्पर्धा झाली. महिला गोल्फमध्ये त्या काळी ज्या चार स्पर्धा सर्वांत मानाच्या गणल्या जात त्यांपैकी ही एक. सेरीने पहिल्या दिवशी जी आघाडी घेतली ती चौथ्या दिवसापर्यंत सोडली नाही. एलपीजीएच्या दौऱ्यातील तिचा हा पहिलाच विजय, आणि तो अशा स्पर्धेत. अमेरिकन वृत्तपत्रांनी भुवया उंचावल्या. कोरियात, जेथे गोल्फ हा बड्या लोकांचा चोचला मानला जाई, तेथे लोक प्रथमच या खेळाचे नियम एकमेकांना विचारू लागले.

त्यानंतर दोन महिन्यांनी अमेरिकन महिला खुली स्पर्धा आली. स्थळ विस्कॉन्सिन राज्यातील कोहलर गावचे ब्लॅकवुल्फ रन हे मैदान. ते इतके कठीण की, चार दिवसांच्या बहात्तर होलांनंतर एकीच्याही एकूण फटक्यांची बेरीज पारपेक्षा कमी नव्हती. सेरी आणि जेनी चुआसिरिपॉर्न या दोघींचे २९०, म्हणजे पारपेक्षा सहा अधिक, असे समान फटके झाले. जेनी ही थाई आईबापांची, अमेरिकेत वाढलेली, ड्यूक विद्यापीठात शिकणारी हौशी खेळाडू. वयाने तीही वीसच वर्षांची. अखेरच्या होलवर तिने चाळीस फुटांहून लांबचा चेंडू आत घालून बरोबरी साधली होती. त्या काळच्या नियमानुसार निकालासाठी सोमवारी, ६ जुलै रोजी, दोघींना पुन्हा पूर्ण अठरा होल खेळावयाचे होते.

सतरा होल झाले तरी दोघी बरोबरीतच होत्या. अठराव्या होलवर सेरीचा पहिला फटका डावीकडे वळला आणि चेंडू तळ्याच्या उतरत्या काठावर, पाण्याच्या किंचित वर, दाट गवतात जाऊन बसला. अशा वेळी एका फटक्याचा दंड सोसून चेंडू मोकळ्या जागी टाकण्याची सोय नियमांत आहे. व्यवहारचातुर्याचा सल्ला तोच ठरला असता. परंतु तो दंड म्हणजे बहुधा पराभव होता. सेरीने बराच वेळ जागेची पाहणी केली. मग तिने बूट काढले, मोजे काढले आणि ती पाण्यात उतरली. घोटे बुडालेले, चेंडू पायांपेक्षा उंचावर, फटका मारावयास धड जागा नाही. तिने चेंडू मोकळ्या गवतावर काढला. तरीही तो होल तिला बोगीवर समाधान मानूनच पुरा करावा लागला. पण जेनीलाही पार साधता आला नाही. दोघींच्या फेऱ्या ७३ फटक्यांच्या झाल्या. मग एकेक होलचा सामना सुरू झाला. दुसऱ्या जादा होलवर, म्हणजे एकूण ब्याण्णवाव्या होलवर, सेरीने बर्डी केली आणि खेळ संपला. अमेरिकन महिला खुली स्पर्धा इतक्या कमी वयात तोपर्यंत कोणीही जिंकली नव्हती.

कोरियात तेव्हा ७ जुलैची सकाळ उगवत होती. रात्र जागून काढलेल्या लोकांनी दूरचित्रवाणीवर जे पाहिले त्यात विजयचिन्हापेक्षा एक लहानसा तपशील त्यांच्या मनात कायमचा कोरला गेला. सेरीने मोजे काढले तेव्हा तिच्या उन्हाने रापलेल्या पोटऱ्यांखाली पांढरीफटक पावले दिसली. शेतात राबणाऱ्याच्या पाठीवर जसा बंडीचा ठसा उमटतो तसा तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा ठसा होता, आणि नोकरी गमावलेल्या बापांना, अंगठ्या दिलेल्या आयांना तो वाचता आला. त्याच वर्षी सरकारी प्रचारपटात तिच्या या फटक्याचे चित्रण एका जुन्या गीताच्या जोडीने दाखविले गेले आणि ते लोकांच्या ओठी बसले. प्रतिकूल जागी पडलेला चेंडू पाण्यात उतरून बाहेर काढता येतो, हा अर्थ सांगावयास कोणा पुढाऱ्याच्या भाषणाची गरज उरली नाही.

येथपर्यंतची कथा कोणत्याही क्रीडावृत्तात शोभेल अशी आहे. हिशेबाच्या दुसऱ्या बाजूस आम्ही आता वळतो. त्या विजयानंतर लगेचच्या आठवड्यात सेरी ओहायोत खेळली. एका फेरीत तिने केवळ ६१ फटके घेतले, जो त्या वेळी एलपीजीएचा विक्रम होता, आणि ती स्पर्धा नऊ फटक्यांनी जिंकली. त्याच महिन्यात आणखी एक स्पर्धा तिने जिंकली. पहिल्याच मोसमात चार विजय, त्यांत दोन मानाची पदे, आणि वर्षातील सर्वोत्तम नवागताचा किताब. शरदात ती मायदेशी परतली तेव्हा मिरवणुका, भोजने, सत्कार आणि मुलाखती यांची अशी रांग लागली की, काही दिवसांतच तिला थकव्याने इस्पितळात दाखल व्हावे लागले. देशाला उभे करणारी मुलगी स्वतः उभी राहू शकत नव्हती. तिला थोडी उसंत द्यावी असे कोणास वाटल्याचे दिसत नाही. लोकांचे प्रेम खोटे होते असे कोण म्हणेल? परंतु प्रेमाच्या गर्दीतही माणूस चेंगरतो, हे आपल्याकडील जत्रा पाहिलेल्यांस सांगावयास नको.

पुढची पाच-सहा वर्षे तिच्या ऐश्वर्याची. स्वीडनची ॲनिका सोरेनस्टाम आणि ऑस्ट्रेलियाची कॅरी वेब या दोन असामान्य खेळाडू ऐन भरात असतानाचा तो काळ. त्यांच्या बरोबरीने तिसरे नाव सेरीचेच घेतले जाई. २००१ साली सनिंगडेल येथे तिने ब्रिटिश महिला खुली स्पर्धा जिंकली, २००२ साली एलपीजीए अजिंक्यपद दुसऱ्यांदा मिळविले. २००३ साली मोसमातील सर्वांत कमी सरासरी फटक्यांसाठीचा व्हेअर चषक तिला मिळाला. त्याच वर्षी कोरियात पुरुषांच्या एका व्यावसायिक स्पर्धेत उतरून ती पहिल्या दहांत आली. पुरुष व्यावसायिकांच्या स्पर्धेतील प्राथमिक फेऱ्यांची चाळणी पार करणारी ती १९४५ सालच्या बेब झहारियासनंतरची पहिली स्त्री. मे २००४ मध्ये आणखी एक स्पर्धा जिंकली तेव्हा गोल्फच्या गौरवमंदिरात स्थान मिळण्यास लागणारे गुण तिच्या खाती जमा झाले. वय होते सव्वीस. लहानपणापासून डोळ्यांपुढे ठेवलेले शिखर तिने पादाक्रांत केले होते.

आणि नेमक्या त्याच ठिकाणी तिचा खेळ हरपला. चेंडू हवा तिकडे जाईना, सवयीचे फटके हातून निसटू लागले. २००५ चा मोसम तर इतका वाईट गेला की, एकाही स्पर्धेत पहिल्या दहांत नाव नाही. वर बोटाची दुखापत, आणि मोसम अर्धवट सोडून ती घरी परतली. वृत्तपत्रांनी तिची मृत्युलेखवजा वर्णने छापली. पुढे या काळाबद्दल ती अनेकदा मोकळेपणाने बोलली आहे. खेळावे कसे हे आपल्याला शिकविले गेले, विसावा कसा घ्यावा हे कोणीच शिकविले नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय असतो. गोल्फ सोडून आपल्याला काय आवडते, हा प्रश्न तिने स्वतःला प्रथम विचारला तो तिशी जवळ आल्यावर. आमच्या मते सेरीच्या सर्व विक्रमांहून हे सांगणे अधिक मोलाचे आहे. पराक्रमी माणसे विजयाचे रहस्य सांगतात. मन मोडले कसे हे क्वचितच सांगतात.

तिचे मन मोडले, पण मोडून पडले नाही. जून २००६ मध्ये मेरीलँड राज्यातील हावर द ग्रेस येथे एलपीजीए अजिंक्यपदाच्या अखेरीस कॅरी वेब आणि सेरी यांची बरोबरी झाली. जादा होलवर दोनशे एक यार्डांवरून सेरीने मारलेला फटका होलपासून अवघ्या काही इंचांवर येऊन थांबला. दोन वर्षे जिला संपली म्हणून मोडीत काढले होते तिने पाचवे मानाचे पद मिळविले. १९९८ च्या विजयात तारुण्याचा बेडरपणा होता. या विजयात पडून उठलेल्या माणसाचे शहाणपण होते. २००७ साली ती गौरवमंदिरात दाखल झाली, तो मान मिळविणारी पहिली कोरियन म्हणून. कारकिर्दीच्या अखेरीस तिच्या नावे एलपीजीएचे पंचवीस विजय होते. तिच्या मागून आलेल्या एकाही कोरियन खेळाडूस हा आकडा गाठता आलेला नाही.

मागून आलेल्यांची संख्या मात्र पाहण्यासारखी आहे. १९९८ साली त्या दौऱ्यात एक कोरियन होती. दहा वर्षांनी पंचेचाळीस होत्या. कोहलरचा सामना पाहून काठी हाती घेतलेल्या या पिढीला कोरियात ‘सेरीची मुले’ म्हणतात. इनबी पाक तेव्हा दहा वर्षांचीही नव्हती. त्या सामन्यानंतर काही दिवसांतच ती मैदानावर गेली आणि २००८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तीच अमेरिकन खुली स्पर्धा जिंकून तिने सर्वांत लहान विजेतीचा सेरीचा विक्रम मोडला. २०१३ साली मोसमातील पहिली तिन्ही मानाची पदे तिने लागोपाठ जिंकली. २०१२ साली ही स्पर्धा पुन्हा ब्लॅकवुल्फ रन येथे भरली, तेव्हा जिंकली ना-यॉन चोई, तीही कोरियनच. आणि तिला कवटाळण्यास सेरी तेथे हजर होती. १९९८ पासून २०२० पर्यंत अमेरिकन महिला खुली स्पर्धा कोरियाच्या दहा स्त्रियांनी मिळून अकरा वेळा जिंकली. २०१६ साली रिओ द जानेरोच्या ऑलिंपिकमध्ये महिला गोल्फ एकशे सोळा वर्षांनी परतले, तेव्हा कोरियन चमूची मार्गदर्शक सेरी होती. खेळाडूंना घरचे जेवण करून घालण्यापासून त्यांच्या मनावरचे ओझे उतरविण्यापर्यंत सारे तिने केले. सुवर्णपदक इनबीने मिळविले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंचॉन येथे हजारो चाहत्यांच्या साक्षीने, डोळे पुसत, सेरीने निरोप घेतला.

एका फटक्याने हे सारे घडले असे मानणे भाबडेपणाचे होईल. कोरियात १९७८ सालीच पहिल्या स्त्रिया व्यावसायिक गोल्फपटू झाल्या होत्या. त्यांच्यातील कू ओक-ही हिने १९८८ साली एलपीजीएची स्पर्धा जिंकून दाखविली होती. परंतु त्या वर्षी देश सोल ऑलिंपिकच्या तयारीत गुंतला होता आणि तिच्या यशाची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. ओक-हीने वाट पाडली, सेरीने ती सर्वांस दिसेल अशी उजळली. त्यानंतर मायदेशातील स्त्रियांच्या स्पर्धांस उद्योगसमूहांनी पैसा पुरविला, सरावाची मैदाने उभी राहिली, शालेय पातळीवर निवड होऊ लागली. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. कायद्याने घराचा कर्ता पुरुषच, अशी ज्या देशात २००८ पर्यंत स्थिती होती, त्या देशातील बाप मुलीच्या खेळासाठी घर गहाण टाकू लागले. मुलगी हे परक्याचे धन मानणाऱ्या समाजात घडलेला हा बदल कोणत्याही चषकाहून मोठा आहे.

परंतु ‘मुलीसाठी घर गहाण टाकणे’ या शब्दांतच एक धोका दडलेला आहे. गहाण पडलेले घर मुलीलाच सोडवावे लागते. मग तिचा प्रत्येक फटका हा कर्जाचा हप्ता ठरतो, आणि हरणे हा खेळाचा भाग न राहता घरचा गुन्हा होतो. सेरीच्या घरची गोष्ट अखेर याच वळणावर आली. तिच्या नावे चालणाऱ्या संस्थेने २०२३ साली तिच्याच वडिलांविरुद्ध, संस्थेचा शिक्का व कागदपत्रे बनावट केल्याची तक्रार पोलिसांत दिली. जून २०२४ मध्ये पत्रकारांपुढे येऊन तिने सांगितले की, वडिलांची कर्जे आपण वर्षानुवर्षे फेडत आलो. एक फेडावे तो दुसरे उभे राहते. यापुढे ही जबाबदारी आपण घेणार नाही. हे सांगताना तिला अश्रू आवरले नाहीत. आरोपांचा निवाडा हा न्यायसंस्थेचा विषय आहे आणि त्यात आम्ही बोट घालणार नाही. बापाने मुलीला घडविले हेही खरे, आणि मुलीने त्याचे ऋण अनेक पटींनी फेडले हेही खरे. पण आईबापांचे ऋण मोजावयाचे कोणी आणि ते फिटले असे म्हणावयाचे केव्हा, हा प्रश्न ज्या संस्कृतीत विचारणेही उद्धटपणाचे मानले जाते तेथे एका सेहेचाळीस वर्षांच्या कर्तबगार स्त्रीला तो भर सभेत उच्चारावा लागला. पाण्यात उतरण्यास जेवढे धैर्य लागले नसेल तेवढे याला लागले असेल. मातृपितृभक्तीचे संस्कार घेऊन वाढलेल्या आपल्या समाजानेही याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

या संदर्भात कोहलरला हरलेल्या जेनीची आठवण होते. ती पुढे व्यावसायिक झाली, पण त्या जीवनात तिचे मन रमले नाही. तिने गोल्फ बाजूस ठेवले आणि परिचारिकेचा पेशा पत्करला. क्रीडावृत्तांच्या भाषेत याला अपयश म्हणतील. आम्ही म्हणणार नाही. तिला सोडण्याची मोकळीक होती, हे तिचे भाग्य होय.

आता थोडे आपल्याकडे पाहू. कोलकात्याची स्मृती मेहरा १९९७ साली, म्हणजे सेरीच्या एक वर्ष आधी, एलपीजीएच्या दौऱ्यात दाखल झालेली पहिली भारतीय स्त्री. किती वाचकांना तिचे नाव आठवते? सेरी जिंकली त्याच १९९८ साली बंगळुरात अदिती अशोकचा जन्म झाला. वयाच्या अठराव्या वर्षी ती रिओला गेली. वडील तिची काठ्यांची पिशवी वाहत होते. त्याच वर्षी तिने महिला इंडियन ओपन जिंकली. २०२१ साली तोक्यो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली. कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले. त्या वेळी पिशवी आईच्या खांद्यावर होती. त्या शनिवारी सकाळी गोल्फचा ओ की ठो न कळणारे लाखो भारतीय दूरचित्रवाणीपुढे बसले होते. २०२३ साली हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिने रौप्यपदक मिळविले, तेव्हा मात्र शेवटच्या दिवशी सात फटक्यांची आघाडी गेली कशी याचीच चर्चा अधिक झाली. आशियाई स्पर्धांत गोल्फमध्ये पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री, हे वाक्य अनेकांनी शेवटच्या परिच्छेदात टाकले.

चौथ्या क्रमांकाच्या सकाळी जागलेले कुतूहल आपण कोठे नेले? कोरियाने एका विजयानंतर मैदाने, स्पर्धा आणि शिक्षक उभे केले. आपल्याकडे विजेता परतला की मिरवणूक निघते, शाल-श्रीफळ होते, भूखंडाची आणि बक्षिसाची घोषणा होते, आणि पुढच्या सोमवारी सारे पूर्ववत. गोल्फच वाढावा असा आमचा आग्रह नाही; तो महागडा खेळ आहे आणि आपल्या भूमीला तो कितपत मानवेल हा वेगळा प्रश्न आहे. प्रश्न कोणत्याही खेळातील मुलीचा आहे. फुटबॉल असो, पोहणे असो, बुद्धिबळ असो, तिला गावाजवळ मैदान हवे, जाणता शिक्षक हवा, वर्षभर स्पर्धा हव्यात, आणि दुखापत झाली तर शाळा व नोकरी यांचे दार उघडे हवे. हे ज्या समाजाने दिले नाही त्याने पदकाची अपेक्षा करू नये. आणि दिले तरी पदक हा त्याचा परतावा समजू नये.

सेरी पाकच्या जमाखर्चातून आम्ही दोन गोष्टी घेऊ इच्छितो. पहिली ही की, एकीने धैर्य दाखविले तर तिच्या मागून शेकडो मुली निघतात. म्हणून तशा एकीला साथ देणे हे उपकार नव्हेत, ती उद्याची पेरणी आहे. दुसरी गोष्ट पेरणाऱ्यांसाठी आहे, विशेषतः आईबापांसाठी. पहाटे उठवावे, मैदानावर न्यावे, पोटाला चिमटा घेऊन खर्च करावा, हरली तर जवळ घ्यावे. त्याचबरोबर एक दिवस सुटीचा द्यावा, आणि पुरे झाले असे ती म्हणाली तर ते ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. मुलीच्या हाती बॅट द्यावी, रॅकेट द्यावी, गोल्फची काठी द्यावी. पण तिच्या आयुष्याचे मुखत्यारपत्र आपल्या नावावर लिहून घेऊ नये.